नळाच्या तोंडाशी बांधलेली चिठ्ठी

अर्जदार: मी स्वतः. वय सत्तेचाळीस, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा सातारा कचेरीसमोरील कडुनिंबाखाली, डाव्या हाताची.

ज्याच्याविरुद्ध तक्रार: तोही मीच.

साक्षीदार पहिला: मोटारींचा मिस्त्री, राहणार उंब्रज, लढाईत पलटणीच्या मोटारखात्यात होता. साक्षीदार दुसरा: सांगलीचे हळदीचे एक जैन व्यापारी, ज्यांना सर्व जण शेठ म्हणतात. साक्षीदार तिसरा: शेठचा जुना ड्रायव्हर, ज्याचे मिस्त्रीशी पटत नाही.

प्रकार घडला तो दिवस: लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीच्या माघातील वद्य षष्ठी, सकाळी साडेआठ ते दहा. ठिकाण: साताऱ्याबाहेरील यवतेश्वराचा चढ. मुद्देमाल: जाड पुठ्ठ्याची एक चिठ्ठी, लाल फितीसह.

नावे जाणूनबुजून लिहिलेली नाहीत. ज्यांची ती आहेत, त्यांना ती ठाऊक आहेत.

माझे इंग्रजी शिक्षण तिसरीपर्यंतच झाले असले, तरी वीस वर्षांत माझ्या हातचा एकही अर्ज मसुद्याच्या दोषावरून परत आलेला नाही. लोक वकिलाकडे जाण्यापूर्वी माझ्याकडे येतात आणि पुष्कळदा वकिलाकडे जातच नाहीत. हे बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या शब्दाला वजन होते, आणि त्याच वजनाखाली एक माणूस दबला गेला, हे वाचणाऱ्यास कळावे, एवढ्यासाठीच सांगतो.

शेठनी मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून दोन आसनांची शर्यतीची मोटार घेतली होती. रंग गर्द हिरवा, टप कापडाचा, बसायचे झाले तर माणसाने जवळजवळ रस्त्यावरच बसावे इतकी बुटकी. सपाटीवर ती बाणासारखी जाई, पण चढ लागला की तिचा दम कोंडे. शेठनी ती साताऱ्यास मिस्त्रीच्या छपरीत आणून सोडली. मिस्त्रीने तीन आठवडे तिच्याशी झटून निदान केले, ते त्याच्याच शब्दांत असे:

"आवं, तिला ताजी हवाच घावत न्हाई. इंजिन तापतंय, अन् तीच तापल्याली हवा परत नाकात वढतंय. बंद खोलीत चुलीम्होरं बसून पळाय लावलं तर माणूस पळंल व्हय?"

त्यावर त्याने जस्ताच्या पत्र्याचा एक नळ केला. नळाचे तोंड पुढे, रेडिएटरच्या खाली, गार वाऱ्यात. तोंडाला जाळी, मध्ये तेलात भिजवलेल्या काथ्याचा डबा, म्हणजे धूळ तेथेच अडावी. नळाचे दुसरे टोक कार्बोरेटरला. कार्बोरेटरच्या तोंडावरचे हवा गाळण्याचे मूळचे चपटे डबे काढून त्याने हा नळ बसवला आणि एकट्यानेच चढ चढून पाहिला. घड्याळ साडेतीन मिनिटे दाखवीत होते, असे तो म्हणे. परंतु साक्षीदार नव्हता.

शेठना सांगलीत मोटारदुरुस्तीचा मोठा कारखाना काढायचा होता. नळ परीक्षेस उतरला तर कारखाना मिस्त्रीच्या हाती द्यायचा, नाहीतर दुसरा माणूस पाहायचा, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. मिस्त्रीस पलटणीत परत जाण्याचे बोलावणे आलेले होते आणि त्याला जायचे नव्हते. त्याची सारी मदार त्या नळावर होती.

तेव्हा ड्रायव्हरने शंका काढली. "शेठ, हा माणूस दोन फेऱ्यांच्या मधे आत हात घालील. जुन्याच्या वक्ताला स्क्रू आवळंल, नव्याच्या वक्ताला सोडंल. कुणाला कळतंय?"

शेठ म्हणाले, "मग कोणीतरी पंचनामा करणारा पाहिजे."

अशा रीतीने मला बोलावणे आले.

मी धुतलेला कोट घालून, लाख, मेणबत्ती, मोहर, लाल फीत आणि खिशातील घड्याळ घेऊन हजर झालो. पहिली फेरी मूळच्या डब्यांवर झाली. शेठ स्वतः चालवीत होते, शेजारी मी. खालच्या मैलाच्या दगडापासून वरच्या उंबरापर्यंत चार मिनिटे दहा सेकंद लागले. खाली आल्यावर मिस्त्रीने नळ चढवला. मी बॉनेटच्या दोन्ही कड्यांना फीत बांधून तीवर लाख ओतली आणि मोहर उठवली. एवढ्यावर थांबलो असतो तर हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती.

परंतु कचेरीचा रिवाज असा की, मुद्देमालाला चिठ्ठी बांधल्याशिवाय तो मुद्देमालच होत नाही. कुऱ्हाड असो, कोंबडी असो, चिठ्ठी पाहिजे. नळ बॉनेटखाली झाकलेला. बाहेरून दिसत होते ते केवळ त्याचे तोंड. म्हणून मी पुठ्ठ्यावर "परीक्षेखालील वस्तू, हात लावू नये" असे ठळक लिहिले, खाली सही केली आणि चिठ्ठी चार बोटे लांब फितीने जाळीच्या कडेला बांधली.

मिस्त्री वाकून पाहू लागला. "राव, कागूद तितं नगं. ती तिथनं दम घेती."

"कायद्याला वस्तूचे तोंड आणि शेपूट सारखेच," मी म्हणालो.

"कायद्याला असंल. पर मोटारीला..."

"तुम्हाला मोहर मान्य नाही, असे लिहून घेऊ का?"

तो दोन पावले मागे सरला. ड्रायव्हर हसला. ते हसणे त्या वेळी मला माझ्या बाजूचे वाटले.

दुसरी फेरी सुरू झाली. पहिल्या शंभर कदमांत गाडी खरोखर हलकी वाटली. मग चढ वाढला, शेठनी पाय पूर्ण दाबला आणि पुढून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला. गाडी गुदमरली. पाय सैल केला की मोकळी होई, दाबला की पुन्हा गुदमरे. उंबराशी पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात चार मिनिटे चाळीस सेकंद झाले होते. जुन्यापेक्षा अर्धे मिनिट जास्त.

खाली येताच मिस्त्री धावत आला. "आवाज दबला वरच्या वळणावर. कायतरी चोंदलंय. बघू द्या."

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी उतरलो, दोन्ही मोहरा तपासल्या. चिठ्ठी आपल्या फितीवर निमूट लोंबत होती. मी घसा साफ करून म्हणालो, "मोहर शाबूत. वस्तूस कोणीही हात लावलेला नाही. जे झाले ते वस्तूच्या स्वतःच्या गुणाने झाले."

हे वाक्य मी फार सुरेख उच्चारले आणि मागाहून पंचनाम्यातही उतरवले. शेठनी तेथल्या तेथे नळ काढवला, जुने डबे चढवले आणि ड्रायव्हरला शेजारी बसवून ते सांगलीच्या रस्त्याला लागले. मिस्त्रीने नळ काखेत मारला. माझ्याकडे न पाहता तो एवढेच म्हणाला, "लय झाक बोलता तुमी." दुसऱ्या दिवशी त्याची छपरी बंद होती.

पंधरा दिवसांनी रहिमतपूरचा एक पक्षकार आला. त्याच्या कागदांना बांधायला पुठ्ठा हवा होता. नवा पुठ्ठा खर्चू नये म्हणून मी पेटीतून, त्या दिवशी सोडवून आणलेली ती जुनी चिठ्ठी काढली आणि कोऱ्या बाजूने लिहायला उलटी केली. ती कोरी नव्हती. तिच्यावर धूळ आणि तेल यांचे बारीक चौकोन उमटले होते. ओळीवर ओळ, वाटोळ्या आकारात, हुबेहूब जाळीचे तोंड. मधला भाग आत ओढला जाऊन पुठ्ठा बशीसारखा खोल झाला होता.

मी अशिक्षित नाही. अंगठ्याचा ठसा पाहून माणूस ओळखण्यात माझी हयात गेली. हा ठसा काय सांगत होता ते मला पहिल्याच नजरेत वाचता आले. चढावर इंजिनाने जोराने हवा ओढली की चिठ्ठी जाळीवर जाऊन बसत होती. पाय सैल झाला की सुटून लोंबत होती. खाली उभ्या असलेल्यांना ती नेहमी लोंबतानाच दिसली. गाडीचा गळा दाबणारा कागद माझा होता आणि त्यावर माझी सही होती.

पक्षकार म्हणाला, "लिवा की."

मी म्हणालो, "आज लिहिणे बंद."

कोणी पाहिलेले नव्हते. चिठ्ठी मेणबत्तीवर धरली असती तर प्रकरण तेथेच मिटले असते आणि माझी वीस वर्षे शाबूत राहिली असती. हे मनात आले, हे मी लपवीत नाही. पण मुद्देमाल जाळणाऱ्यांविरुद्ध मी किती अर्ज लिहिले आहेत याचा हिशेब मजपाशी होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने मी उंब्रजला गेलो.

मिस्त्री एका विहिरीवर पाणी खेचणारे इंजिन दुरुस्त करीत होता. मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती उजेडाकडे फिरवून पाहिली. मग इंजिन चालू केले आणि चिठ्ठी त्याच्या हवेच्या तोंडाजवळ नेली. फट्कन ती चिकटली. इंजिन खोकले, काळा धूर सोडून बसत चालले. ओढून काढली तसे पुन्हा धडधडू लागले.

"आवं राव," तो म्हणाला, "तुमी हे सोताहून दावायला आला व्हय?"

"आलो."

"मला वाटलं, मोहर उठवाय आलासा."

"पलटणीत कधी जायचे आहे?"

"पाडव्यानंतर. का?"

"नळ घ्या. सांगलीला जायचे आहे."

नळ त्याने शेल्यात गुंडाळून मांडीवर घेतला. आष्ट्याला मोटार थांबली तेव्हा शेजारचा एक शेतकरी वाकून म्हणाला, "काय रं गड्या, तुतारी न्हेतुयास व्हय लग्नाला?"

"व्हय," मिस्त्री म्हणाला. "येकदा वाजवली, पर ह्या पाव्हण्यांनी तोंडात बोळा कोंबला हुता."

सारी मोटार हसली. मी हसलो नाही, पण रागही धरला नाही.

शेठ पेढीच्या आवारात हळदीच्या ढिगाशी उभे होते. ती हिरवी मोटार भिंतीकडेला होती. मी सर्व हकीकत उभ्यानेच सांगितली. शेठ म्हणाले, "मोहर शाबूत, असं तुम्हीच म्हणालात की."

"म्हणालो. मोहर शाबूत होती. गुन्हा चिठ्ठीने केला, आणि ती माझी."

मिस्त्रीने नळ चढवला. ड्रायव्हर आपणहून चाकाशी बसला. चिठ्ठी होती तशी, चार बोटे फितीने, त्याच जागी बांधली. इंजिन संथ होते तोवर ती लोंबत राहिली. ड्रायव्हरने पाय दाबला, ती उडून जाळीवर बसली, शीळ वाजली आणि इंजिन गुदमरले. शेठ गुडघ्यावर बसले. त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या बोटांनी सोडवली, पुन्हा बसू दिली, पुन्हा सोडवली. हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांचा ठसा तिच्यावर उमटला तो आजही आहे.

ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ह्यो आवाज मी त्या दिशी खालनं ऐकला हुता, शेठ. खोटं कशाला बोलू."

शेठ उठून म्हणाले, "कागद चिकटतो हे कळलं. नळ ओढतो हे अजून कळलं नाही. ते चढावरच कळणार, आणि ह्या महिन्याची पेट्रोलची कुपनं सरली. दुसऱ्या एका माणसाला मी पाडव्यापर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलंय."

"तर चैत्राची कुपने येईपर्यंत थांबा."

"लिहून द्या, अर्जनवीस. तोंडी नको. तुमच्या तोंडी बोलण्यावर एकदा भरवसा ठेवला."

पेढीच्या बाकावर बसून मी दौत उघडली. दुसऱ्याचा कसूर लिहिताना माझा हात कधी अडत नाही. त्या दिवशी पहिल्या ओळीलाच तीन कागद फाडले. मिस्त्री शेजारी उभा होता. तो म्हणाला, "लिवा, लिवा. पर ह्या येळी कागूद माज्या नळापासून लांब ठिवा."

ही सविस्तर हकीकत त्या अर्जाला जोडण्यासाठी मागाहून लिहिली आहे. पाडव्याला अठरा दिवस आहेत. उत्तर मिळेपर्यंत मी दर दोन दिवसांनी सांगलीस जाऊन पेढीच्या बाकावर बसणार आहे; दोनदा बसून आलो आहे. अर्जाची अखेर अशी:

सबब शेठच्या सेवेशी विनंती की, चैत्राची कुपने हाती येताच त्याच चढावर, त्याच दगडापासून त्याच उंबरापर्यंत, दोन्ही फेऱ्या पुन्हा घ्याव्यात. घड्याळ ड्रायव्हरच्या हाती असावे. बॉनेटवर मोहर ठेवावी. नळाच्या तोंडाशी कागद, फीत अगर अन्य वस्तू बांधू नये. अर्जदारास गाडीत न बसविता खाली रस्त्यावर उभे करावे. तोपर्यंत कारखान्याची जागा कोणासही देऊ नये. पूर्वीच्या पंचनाम्यातील "वस्तूच्या स्वतःच्या गुणाने" हे शब्द अर्जदार स्वहस्ते खोडून देत आहे. त्या जागी "अर्जदाराच्या चिठ्ठीने" असे वाचावे. नळ नापास झाला असे तोवर कोणी म्हणू नये.

होय अथवा नाही, जे असेल ते पाडव्यापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती. उत्तर अर्जदारास नव्हे, उंब्रजच्या मिस्त्रीस पाठवावे. न्याय त्याचा अडला आहे.