इथे नवीन शिवून मिळणार नाही

चौकशीमावशींचं दार पहिल्या घंटेला कधीच उघडायचं नाही. आधी खिडकीचा पडदा दोन बोटं बाजूला व्हायचा. मग दाराची साखळी तशीच ठेवून फट पडायची आणि फटीतून प्रश्न यायचे. कोण? पत्ता कुणी दिला? काय सांगून पाठवलं? हे सगळं चक्क गिऱ्हाइकांना. जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या एका शांत गल्लीत, तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत मावशींचं शिवणाचं दुकान होतं. चालू दुकानाचं दार आतून बंद ठेवणारी दुकानदारीण मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मी तिथे मास्टर्स करायला गेले ती दोन हजार एक साली. पुण्याहून आणलेल्या पँटची चेन तुटली म्हणून वर्गातल्या एकाने मला त्यांच्याकडे पाठवलं. "त्याला माझं नाव कसं ठाऊक?" मावशींनी विचारलं. मराठी पोरांत तुम्ही प्रसिद्ध आहात, असं मी भाबडेपणाने म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की चेन बसवून मिळेल की नाही याचीच मला शंका आली. चौकशीमावशी हे नाव आम्हा विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं. ते त्यांना माहीत होतं, आणि ते नेमकं कुणी ठेवलं याचा तपास त्या अधूनमधून करत असत.

पुढे मी दर शनिवारी त्यांच्याकडे शिवण उसवायला, हेम घालायला जाऊ लागले. बदल्यात भाकरी आणि झुणका मिळे. काका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्तीला आलेले. मावशी लग्न होऊन त्यांच्यामागून आल्या होत्या, मिरजेहून शिवणाचा डिप्लोमा घेऊन. हात असा की नुसत्या नजरेने मुंढ्याचं माप सांगत. आणि तरीही खिडकीत पाटी होती, जर्मनमध्ये, जाड अक्षरांत. इथे फक्त दुरुस्ती होते, नवीन शिवून मिळणार नाही.

ही पाटी मला बरेच दिवस कळली नव्हती. काकांनी एकदा चहा पिताना सांगितलं. तिथे नवा कपडा शिवून विकायचा तर 'माइस्टर' व्हावं लागे. आधी काही वर्षं उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी, मग कामाचा अनुभव, मग परीक्षा, तेव्हा कुठे तो परवाना. मिरजेचा डिप्लोमा त्यात कुठेच बसत नव्हता. पँट आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं एवढ्याला मात्र नुसती नोंदणी पुरे. म्हणजे मावशींनी उसवावं, जोडावं, पण कापड बेतू नये. "हिच्या हातात कात्री द्यायची आणि कापू नको म्हणायचं," काका म्हणाले. मावशी आतून ओरडल्या, "अहो, खिडकी उघडी आहे ना! हळू बोला!"

पूर्वी त्या लपूनछपून बेतत असत. मी यायच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. त्यांची एक जिवाभावाची मैत्रीण होती, कुंदावहिनी. तेव्हा गावात मराठी बायका या दोघीच, त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू एकमेकींनाच लावायच्या. कुंदावहिनींच्या आग्रहावरून मावशींनी त्यांच्या जर्मन शेजारणीला हिरव्या रेशमाचा एक फ्रॉक शिवून दिला. महिन्याभरात परवान्यांच्या कार्यालयातली दोन माणसं दारात उभी राहिली. त्यांनी कपाट उघडलं, अर्धवट शिवलेले कपडे हुकावरून काढून टेबलावर मांडले, एकेकाची नोंद केली. दंडाची नोटीस आली, तिच्यात तो हिरवा फ्रॉक लिहिलेला होता.

"फ्रॉकचं तिघींनाच माहीत होतं," मावशी मला म्हणाल्या. "मला, त्या बाईला आणि कुंदाला. ती बाई कशाला सांगेल? तिला तर तो घालायचा होता."

"पण कुंदावहिनी तरी कशाला सांगतील?"

"तिच्या मनात माझ्याबद्दल असूया होती."

"कशावरून?"

हा शब्द खरं तर मावशींचा. कुणी काहीही सांगितलं की त्या 'कशावरून' विचारत. त्या दिवशी मी तो त्यांच्यावरच उलटवला. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या आणि म्हणाल्या, "तू ती बाही नीट उसव. सूत ओढू नकोस." नोटिशीनंतर त्यांनी कुंदावहिनींशी बोलणंच टाकलं होतं. भांडण नाही, जाब नाही. फोन आला की काकांनी घ्यायचा आणि ती बाहेर गेलीय म्हणून सांगायचं. पुढे कुंदावहिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे कायझर्सलाउटर्नला गेल्या, तेव्हा त्या निरोप घ्यायला आल्या होत्या. मावशींनी पडदा दोन बोटं बाजूला केला आणि परत सोडला. दार उघडलं नाही.

त्यानंतरच मावशी आम्ही पाहिल्या तशा झाल्या. कुणी ड्रेस शिवाल का असं विचारलं की त्या पाटीकडे बोट दाखवत. कुणी दोनदा विचारलं तर तो माणूस हेर ठरे. मला एका लग्नाला घालायला ब्लाउज हवा होता, तेव्हा त्यांनी माझा जुना ब्लाउज मागितला. तो पूर्ण उसवला, त्याची फक्त खालची पट्टी ठेवली आणि बाकी सगळं नव्या कापडाचं केलं. "ही दुरुस्ती झाली," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं तर पट्टी दाखव."

शहरात एक ख्यातनाम शिवणकाम करणारी बाई होती, फ्राउ हेल्मके. स्वतः माइस्टर, शिंप्यांच्या संघटनेची प्रमुख. मावशी तिला मास्टरीण म्हणत. ती रस्त्यात दिसली की मावशी फुटपाथ बदलत.

दोन हजार तीन साली बर्लिनमध्ये या परवान्यांचा कायदा पुन्हा तपासायला घेतला. कोणत्या धंद्याला माइस्टर हवाच आणि कोणत्याला नको, याची नवी यादी. ज्या कामात चूक झाली तर जिवाला धोका, त्याला परवाना राहणार, बाकीचे बरेच मोकळे होणार. काका रोज पेपर वाचून दाखवत. एका सभागृहाने पास केलं, दुसऱ्याने अडवलं, मग समिती बसली.

"चुकीच्या मापाचा ब्लाउज घालून कुणी मेल्याचं ऐकलंय का?" मी म्हणाले. "मावशी, तुम्ही सुटणार."

"इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही आणि आत्ताच बरा पाझर फुटला? ह्यात काहीतरी गोम आहे. मोकळं करतील, सगळे बाहेर येतील, मग धरतील."

डिसेंबरात कायदा झाला. जानेवारीपासून लागू. मावशींनी पाटी काढली नाही. उन्हाळा लागला तेव्हा काकांनी आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच नोंदणीच्या ऑफिसात नेलं. काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, "हे बघा, शिवणकामाला आता माइस्टर लागत नाही. इथे सही करा, झालं."

"झालं म्हणजे काय झालं?" मावशींनी विचारलं. त्यांनी त्याचं नाव विचारून लिहून घेतलं, फॉर्म घरी नेला, तीन दिवस शब्दकोश घेऊन वाचला आणि चौथ्या दिवशी सही केली. नोंदणीचा कागद आला. तो त्यांनी पिठाच्या डब्यामागे ठेवला. कापड तरीही बेतलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी घंटा वाजली. पडदा बाजूला करून मावशी पांढऱ्या पडल्या. "मास्टरीण," त्या कुजबुजल्या. "बघ, आली. पर्समध्ये टेपरेकॉर्डर असेल." खरं सांगायचं तर तोवर मलाही त्यांची लागण झालेली होती. मीही आधी पर्सकडेच पाहिलं.

साखळी निघाली. फ्राउ हेल्मके आत आल्या, गडद निळं लोकरीचं कापड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला कोट हवा आहे. तुम्ही बेता. मी इथे बसते."

"मी फक्त दुरुस्ती करते."

"आता तसं नाही. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे."

"तुमचं स्वतःचं दुकान आहे."

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. "कात्री धरता येत नाही," त्या म्हणाल्या. "दुकान मार्चमध्ये बंद केलं."

मावशी त्या हाताकडे बघत राहिल्या. मग अचानक, इतक्या वर्षांत कुणालाच न विचारलेला प्रश्न त्यांनी सरळ विचारला. "माझ्याविरुद्ध पत्र कुणी लिहिलं होतं?"

"मी," फ्राउ हेल्मके म्हणाल्या. जराही न अडखळता. "तो हिरवा फ्रॉक मी एका लग्नात पाहिला. अशी बाही बसवणारं या शहरात कोण आहे ते मला ठाऊक होतं, सगळे माझ्या हाताखाली शिकलेले. हा हात त्यांच्यातला नव्हता. मी त्या बाईला विचारलं, तिने कौतुकाने तुमचा पत्ता दिला."

"तिनेच दिला?"

"हो. काम वाईट असतं तर मी लक्ष दिलं नसतं. चांगलं होतं म्हणून लिहिलं. कायदा तसा होता. मी माझी सगळी उमेदवारी त्या कायद्यासाठी घातली होती."

मला वाटलं, मावशी त्यांना घालवून देतील. मावशी खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "कुंदाने नव्हतं सांगितलं गं." एवढंच. मग उठल्या, टेप घेतली आणि फ्राउ हेल्मकेंच्या खांद्याचं माप घ्यायला लागल्या. मापं अचूक होती. खडूने आखलं, कात्री चालवली. फ्राउ हेल्मके मधूनच "गेनाऊ" म्हणत, म्हणजे अगदी बरोबर.

पुढच्याच आठवड्यात मावशी कायझर्सलाउटर्नला निघाल्या. सोबतीला मी. काकांनी फोन करून कळवलं होतं. मावशींनी रात्री जागून तयार केलेला, जांभळ्या खणाचा ब्लाउज पिशवीत होता, नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या आठवणीतल्या मापाने शिवलेला. गाडीत त्यांनी काही खाल्लं नाही.

कुंदावहिनींनी दार लगेच उघडलं. पांढरे केस, शांत चेहरा. "या," त्या म्हणाल्या. "बसा. तुम्ही चहात साखर घेता ना अजून?"

मावशींनी सगळं सांगितलं. पत्र कुणाचं, संशय कुणावर, पडद्यामागे उभं राहून दार न उघडलेला तो दिवस. लपवलं काही नाही. "माझं चुकलं, कुंदा."

"मला ठाऊक होतं तुम्हाला माझा संशय आहे ते," कुंदावहिनी म्हणाल्या. "एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं." मग चहा दिला, चकली दिली, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. निघताना ओटी भरली. ब्लाउज घेतला, घडी मोडून पाहिला नाही.

परतीच्या गाडीत मावशी म्हणाल्या, "ती मला तुम्ही म्हणाली. सगळा वेळ."

मी पुढच्या वर्षी नोकरीसाठी ड्रेस्डेनला गेले. मावशींच्या दुकानाचं दार आता दिवसा उघडं असायचं. नव्या कपड्यांची कामं इतकी येऊ लागली की दुरुस्ती मागे पडली, आणि फ्राउ हेल्मके आठवड्यातून दोनदा येऊन त्यांना कोटाची कॉलर शिकवत. कुणी काही सांगितलं तर मावशी अजूनही 'कशावरून' विचारत, पण आता ज्याचं त्यालाच तोंडावर विचारत. मलाही त्यांनी तेच बजावलं होतं. "मनात ठेवू नकोस. विचारून टाक. उत्तर वाईट आलं तरी चालेल." दर रविवारी त्या कुंदावहिनींना फोन करत. पलीकडून हो, नाही, बरं आहे, तुम्ही कशा आहात, एवढंच. तरी करत राहिल्या.

आता मावशी नाहीत. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा माझा बोलण्याचा योग कमीच आला. पण ड्रेस्डेनला माझं दुसरं वर्ष चालू असताना एका सकाळी ऑफिसात त्यांचा फोन आला होता, तो मी विसरलेली नाही. त्या रडत होत्या की हसत होत्या ते आधी कळेना.

"कुंदाचा फोन आला होता. तिने स्वतः केला! अर्धा तास नुसती झापत होती मला. दहा वर्षं फुकट घालवलीस म्हणाली, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस म्हणाली." त्यांनी नाक ओढलं. "आणि सगळं एकेरीत गं. सगळं एकेरीत!"