धूर बघायचा, शास्त्रीबुवा

हिरामावशी आज पहाटे गेली.

याला फॉल्स स्टार्ट म्हणतात, मावशी. पण परत बोलावणारा पंच कुठे सापडेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिघी जेट्टीवर मासळी विकणारी, सत्तरी ओलांडलेली, आणि शंभर मीटर स्प्रिंटची या किनाऱ्यावरची एकमेव तज्ज्ञ.

समोर मासळीची पाटी, बर्फाच्या खोक्याला टेकवलेला मोबाईल, त्यावर कुठली तरी शर्यत.

"मावशी, पापलेट कसं दिलं?"

"अकरा सेकंद थांब."

खरोखर अकराच लागायचे.

मी तालुक्याचा वार्ताहर. लहानपणी पाठशाळेत संस्कृत घोकलं, म्हणून तिच्या लेखी 'शास्त्रीबुवा'.

आमचं वैर जुनं. मी जमैकाच्या मुरलेल्या धावपटूचा, म्हणजे आमच्या भाषेत थोरलीचा, पक्षपाती. कीर्ती, परंपरा, पदकं वगैरे. मावशी कायम नव्याने उगवणाऱ्या पोरीच्या बाजूने.

"थोरलीचे गुडघे बघ. यंदा अमेरिकेची धाकटी खाते तिला."

"मावशी, अनुभव नावाची काही गोष्ट असते."

"ती मासळी निवडायला कामाला येते. पळायला न्हाय."

आमचा नियम एकच. हरणाऱ्याने फेरीबोट सुटताना जेट्टीच्या टोकावर उभं राहून जिंकणारीचं नाव तीनदा ओरडायचं.

फेरीबोटवाल्यांना माझा आवाज पाठ आहे. तिचा त्यांनी क्वचितच ऐकला.

पण आज सांगायची आहे ती तळा गावची शर्यत.

दोन वर्षं झाली. जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. मी बातमीला निघालो, तर मावशी रिकामी पाटी घेऊन स्कूटरवर मागे बसली.

मुलींच्या दोन हीट्स. फायनल घ्यायला वेळ नाही म्हणे. दोन्हींत मिळून जिचं टायमिंग कमी, ती राज्याला. जागा एकच.

पहिली हीट तळ्याच्या सानिकाने जिंकली. भातशेती करणाऱ्या घरातली पोरगी. भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.

मग घड्याळवाले सर चहाला गेले आणि स्टॉपवॉच माझ्या हातात आलं.

"तुम्ही पत्रकार, निःपक्षपाती असता."

हे मला आयुष्यात प्रथमच कुणी म्हणत होतं. मी विरघळलो.

दुसरी हीट आमच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगरच्या पोरीने मारली. माझ्या घड्याळात सानिकापेक्षा दोन दशांश सेकंद कमी. निकाल लागला. मी मथळाही टाईप केला: 'दिवेआगरची कन्या राज्यस्तरावर'.

सानिका खाली बसून बुटांतला कापूस उपसत होती.

मावशी माझ्यापाशी आली.

"शास्त्रीबुवा, बटण कवा दाबलंस?"

"पिस्तुलाचा बार ऐकल्यावर."

"आन् डोळे?"

मिटलेले होते. पाठशाळेत सगळं कानाने शिकलो, एकाग्र व्हायचं तर अजून डोळे मिटतो. हजारो वर्षांची मौखिक परंपरा मी शंभर मीटरवर पणाला लावली होती.

"आरं, धूर बघायचा! खाडीतल्या होडीवर घण पडतो तो आधी दिसतो, वाजतो मागनं. तुला बार ऐकू येईस्तवर पोरगी निघाली पन!"

शंभर मीटरवरून आवाज यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, हे मी नंतर गूगलवर वाचलं. मावशीला खाडीने सांगितलं होतं.

मागून आमच्याच बाजूचे लोक ओरडले, "मावशी, गप बस! आपल्या किनाऱ्याची हाय ती!"

"व्हय, म्हनूनच खरी जिंकू दे. पळवा दोघींना एकत्र!"

मुख्य पंचांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मावशीला सोडून.

म्हणालो, "चूक माझी. घड्याळ मी आवाजावर लावलं."

दोघी एकत्र पळाल्या.

ऐंशी मीटरपर्यंत खांद्याला खांदा. मग सानिका छातीभर पुढे. घड्याळ बघायची गरजच पडली नाही. अख्खं मैदान उभं राहिलं, आमचा किनारासुद्धा.

दिवेआगरच्या पोरीने हात मिळवला. "पुढच्या वर्षी बघते तुला."

"ये की," सानिका म्हणाली.

मथळा मी पुसला. कोणताही मथळा पुसताना इतका आनंद झाला नव्हता.

परतताना मागून सूचना चालूच. "धाकटी हाय रं ही. खाईल सगळ्यांना. स्टार्ट तेवढा झोपेत हाय."

संध्याकाळी जेट्टीच्या टोकावरून मी तीनदा ओरडलो: सानिका!

त्या वर्षी ती राज्यात सहावी आली. यंदा, गेल्या महिन्यात, पहिली. मावशी अंथरुणाला खिळलेली होती, मोबाईल मी धरला होता. पोरीने रेषा ओलांडली तशी मावशीची मूठ वर गेली.

मग म्हणाली, "स्टार्ट सुधारला."

याहून मोठं पदक तिच्याकडे नव्हतं.

आज दुपारी सगळं आटोपल्यावर मी जेट्टीच्या टोकावर गेलो. सानिका आली होती. दिवेआगरची पोरगीही. फेरी सुटली आणि आम्ही तिघांनी मिळून नाव घेतलं.

हिरामावशी!

हिरामावशी!

हिरामावशी!

लांब पाण्यावर फेरीबोटीच्या तांडेलाने हात वर केलेला दिसला. भोंगा मागाहून ऐकू आला.

हरलो, मावशी. नेहमीसारखाच.

डोळे उघडे ठेवून श्रद्धांजली.