दत्तक घेतलंय

मराठीत थडगं नपुंसकलिंगी आहे आणि मूलही नपुंसकलिंगी आहे. शाळेत व्याकरणाचा तास मला नको नको व्हायचा. हे लिंग, हे वचन आयुष्यात लागणार आहे कुठे, असं मी आईला फणकाऱ्याने विचारायचे. आई स्वतः मराठीची शिक्षिका. "लागेल कधीतरी," एवढंच म्हणायची. लागलं.

आइंडहोवेनला आमच्या शेजारच्या घरात एक डच बाई एकट्या राहायच्या. वयाने ऐंशीच्या पुढच्या, मूलबाळ नाही, जिभेला हाड नाही. मी पहिल्यांदा सायकलवरून पडले तेव्हा त्यांनी आधी माझी सायकल उचलून तपासली होती. आमची मैत्री तिथूनच सुरू झाली. दर काही आठवड्यांनी त्या फुलांचा गुच्छ घेऊन गाडीने दक्षिणेला जायच्या, मास्त्रिख्तच्या बाजूला, जिथे हा सपाट देश थोडासा उंचसखल होतो. तिथे दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. युद्ध संपता संपता आसपासच्या गावकऱ्यांनी तिथली एकेक कबर वाटून घेतली. परक्या देशातून येऊन मेलेल्या पोरांना फुलं वाहायला कुणीतरी हवं, म्हणून. याला ते लोक दत्तक घेणं म्हणतात. हे दत्तक पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आमच्याकडे देव्हारा जसा थोरल्या सुनेकडे येतो तशी बाईंच्या आईची कबर बाईंकडे आली होती. म्हणजे आईची नव्हे, आईने सांभाळलेली.

डोळे अधू झाल्यावर बाईंचं गाडी चालवणं बंद झालं आणि आम्ही दोघं त्यांना नेऊ लागलो. पहिल्या खेपेला त्या आम्हाला तडक एका जनरलच्या कबरीपाशी घेऊन गेल्या. "आधी साहेबांना भेटून घ्या, सगळे तेच करतात," त्या म्हणाल्या. माझी कल्पना, चौथरा असेल, पुतळा असेल, निदान साखळ्या तरी. तसं काही नव्हतं. इतरांसारखाच पांढऱ्या संगमरवराचा क्रॉस, तेवढ्याच उंचीचा. फक्त पायाशी फुलं जास्त होती. मग त्यांनी शौर्यपदकवाले दाखवले. त्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. लोक ही सोनेरी अक्षरं शोधत फिरतात, फोटो काढतात आणि बसमध्ये बसून परत जातात. हजारो क्रॉसच्या त्या गर्दीतून आत आत चालत बाई शेवटी त्यांच्या सैनिकापाशी थांबल्या. साधा शिपाई. नाव, पलटण, राज्य आणि मेल्याची तारीख. जन्मतारीख तिथे कुणाच्याच क्रॉसवर नसते. "बावीस वर्षांचा होता," बाई म्हणाल्या. "त्याची बहीण एकदा आली होती, तिने सांगितलं. साहेबांकडे माणसांची कमी नाही. याच्याकडे मी आहे."

परतताना नवरा गाडीत म्हणाला, "आपल्यामागे कोण येणार आहे फुलं घेऊन?" मी त्याच्यावर खेकसले. तो प्रश्न आमच्या घरात विचारायचा नाही असं ठरलेलं होतं.

कारण आम्हाला मूल होत नव्हतं. त्यासाठी जे जे करतात ते सगळं करून झालं होतं, माझ्या पोटावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. मग आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. आईला मिरजेला फोनवर सांगितलं. आठवडाभर ती फक्त हवापाण्याचं बोलली. मग एका रविवारी तिने स्वतःच विषय काढला, "नातवंड ते नातवंड. घेऊन या." त्यानंतर दर रविवारी तिचा एकच प्रश्न, "काही कळलं का गं?" माझ्या बाळपणीचे चांदीचे वाळे तिने उजळायला टाकले होते.

कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. बाईंना वृद्धाश्रमात हलवलं. आम्ही बाहेरच्या फुलझाडांत उभं राहून काचेतून हात हलवायचो, त्या आतून फोनवर ओरडून बोलायच्या. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. नंतर कळलं की आपला सैनिक त्यांनी आम्हा दोघांच्या नावे करून ठेवला होता. तिथे कबर मिळायला म्हणे मोठी रांग असते. आम्ही रांग न लावता आईबाप झालो, नवरा म्हणाला. त्याचे विनोद असेच असतात.

त्याच सुमाराला इथल्या सरकारने परदेशातून मुलं दत्तक घेणं थांबवलं. पूर्वी त्यात बरेच गैरप्रकार झाले होते, म्हणून. कारण खरं होतं, रागही कुणावर धरता येईना. ज्यांना आधी परवानगी मिळाली होती त्यांचं पुढे चालू राहिलं. आम्ही पहिल्याच पायरीवर होतो. नवऱ्याने ती बातमी दोनदा वाचली आणि खाली जाऊन चांगली असलेली सायकल दुरुस्त करत बसला. आईला मी काहीच सांगितलं नाही. रविवारी तिने विचारलं, तेव्हा म्हटलं, कोरोनामुळे उशीर होतोय.

एप्रिलमध्ये मिरजेच्या घरी सगळ्यांनाच ताप आला. दादा आणि वहिनी सावरले. आई सावरली नाही. दादाने कुठून तरी ऑक्सिजनचं सिलिंडर मिळवलं, बेडसाठी त्याचे फोन चालू होते. मी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा आई पलंगावर उशांना टेकून बसली होती, नाकात नळी, चष्मा नाही. बरी हो म्हणायचं, पाणी पी म्हणायचं, पण ते तरी किती वेळा म्हणणार. म्हणून मी शेजारच्या बाईंची गोष्ट काढली. त्या गेल्याचं सांगणार नव्हते, तेवढी अक्कल होती. म्हटलं, "आई, गंमत सांगते, आम्ही ना एक थडगं दत्तक घेतलंय."

नेटवर्कने नेमकं 'थडगं' गिळलं.

आईपर्यंत पोचलं ते एवढंच: आम्ही ना एक... दत्तक घेतलंय. आईचं व्याकरण पक्कं. 'घेतलंय' म्हटल्यावर तिने त्यात मूल बसवलं. मी 'कबर' म्हटलं असतं तर 'घेतलीय' झालं असतं आणि तिने नात धरली असती. तिचा चेहरा पडद्यावर गोठला होता. तो सुटला तेव्हा ती रडत होती. "मुलगा की मुलगी?"

मला क्षणभर अर्थच लागला नाही. तेवढ्यात नवरा चहाचे कप घेऊन आला. त्याला वाटलं, सैनिकाचीच चौकशी चाललीय. वाकून म्हणाला, "मुलगा आहे, आई."

"केवढा आहे?"

"बावीस."

"बावीस महिन्यांचा!" आई म्हणाली. "अगं, म्हणजे चालत असेल की!"

मी तोंड उघडलं. आईच्या मागे दादा उभा होता. कबरीचं मी त्याला आधी सांगितलं होतं, त्यामुळे त्याला सगळं समजलेलं दिसत होतं. त्याने हात हलवला. राहू दे. आई वहिनीला हाका मारत होती, तिला धाप लागत होती आणि ती हसत होती. मी तोंड मिटलं. नवरा कप हातात धरून तसाच उभा. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सॉरी." मग कप खाली ठेवून, "तू सांगणार होतीस का?" मी म्हटलं, "गप्प बस."

त्यानंतरचे आईचे सगळे फोन त्याच्यासाठीच. त्याला दाखव म्हणायची. मी म्हणायचे, झोपलाय.

"कधीही बघावं तर झोपलेला. त्रास देतो का गं?"

"नाही आई. खूप शांत आहे."

"रडत नाही?"

"नाही."

"नवीन जागा आहे, घाबरत असेल. आजूबाजूची वस्ती कशी आहे?"

"चांगली आहे. मोठमोठी माणसं आहेत. एक तर जनरल आहे."

"मग छान. चांगल्या शेजारात वाढेल," आई म्हणाली. "बघ हं, साहेब होतो की नाही."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. एकही शब्द मी खोटा बोलत नव्हते, हे मला सगळ्यात भयंकर वाटत होतं. मला त्या जनरलचा राग आला, त्या सोनेरी अक्षरांचा आला. माझी आई साध्या शिपायासाठी स्वप्नं बघत होती. तो जो काही व्हायचा तो होऊन चुकला होता.

आईला इस्पितळात बेड मिळाला, पण तिथे नेईपर्यंत तिची तब्येत फारच उतरली होती. मी जायचं ठरवलं. तिकडून इकडे येणारी विमानं बंद झाली होती, परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता, पण आखातातून वळसा घालून जायला जागा मिळत होती. नवरा म्हणाला, जा. दादा म्हणाला, आत कुणाला सोडत नाहीत, आलीस तरी फाटकातच उभी राहशील. मी म्हटलं, फाटकात उभी राहीन.

निघण्याआधी सैनिकाची फुलं बाकी होती. बाईंनी तो आमच्यावर सोपवला होता. घरात बसवतही नव्हतं, म्हणून सकाळी मी एकटीच गाडी काढली. दफनभूमीत कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. गवत नुकतंच कापलेलं, रांगा इतक्या सरळ की डोळे दुखावेत. जनरलपाशी एक डच जोडपं मास्क लावून उभं होतं. मी त्याच्या बाजूला बघितलंही नाही. मी ट्यूलिप ठेवत होते तेवढ्यात फोन वाजला. दादाने वॉर्डातल्या एका नर्सला गळ घातली होती. मला आधी दिसला तो निळा हातमोजा, मग आई. केवढीशी झाली होती. तोंडावर मास्क, आवाज जेमतेम.

"कुठे आहेस?"

"त्याच्याजवळच आहे."

"दाखव ना. झोपलेला असू दे. एकदा दाखव."

मी फोन फिरवला. क्रॉस मधोमध येऊ नये म्हणून खालच्या गवतावर धरला, तरी त्याची कड आलीच. आईला चष्म्याशिवाय हातभर लांबचंही दिसत नाही.

"हिरवी गादी घेतलीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि पांढरं पांघरूण."

"हो, आई."

"बाळा," तिने हाक मारली. वाट बघितली. मीही पाहिली, खोटं कशाला सांगू. मग ती म्हणाली, "नको, उठवू नकोस. निजू दे." तिला बराच वेळ दम लागला. नर्स म्हणाली, आता पुरे. आई म्हणाली, "दादा सांगत होता, तू येतेयस. लेकराला टाकून येऊ नकोस. त्याला आता कुणी नाही तुझ्याशिवाय. शप्पथ घे."

मी म्हटलं, "नाही येत."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. त्याने फक्त माझ्या नावाने हाक मारली. विमान त्या संध्याकाळचं होतं. मी गेले नाही. आता जाऊन बघायला काही राहिलं नव्हतं, तिला इस्पितळानेच परस्पर स्मशानात नेलं होतं. दिवसकार्य मी लॅपटॉपवर बघितलं. भटजींचा आवाज मधूनमधून तुटत होता.

पुढे मुलं दत्तक घेण्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही. आमची वयं आता उलटून गेली आहेत. नवरा आणि मी एकमेकांशी नीट वागतो. संध्याकाळी सीरियल बघतो, रविवारी फोन कुणालाच करायचा नसतो.

मिरजेहून पार्सल आलं तेव्हा हिवाळा लागला होता. दादाने काही लिहिलं नव्हतं. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले चांदीचे वाळे, उजळलेले. मी ते कोटाच्या खिशात घालून दक्षिणेला गेले. क्रॉसच्या पायाशी ठेवले. तिथल्या गवताची निगा राखणाऱ्या माणसाने लांबून बघितलं, जवळ आला आणि अगदी अदबीने म्हणाला, माफ करा, इथे फक्त फुलं ठेवता येतात, बाकीच्या वस्तू आम्हाला उचलाव्या लागतात. मग विचारलं, "घरचे आहेत का तुमचे?"

मी वाळे उचलले. ओल्या गवताचं पाणी त्यांना लागलं होतं, ते पदराने पुसायची आईची सवय, मी ओढणीने पुसले.

"मुलगा," मी म्हटलं. आणि मराठीत म्हटलं, त्यामुळे त्याला कळलं नाही.