मोतीबाईंचं विमान

घरातली एखादी मुलगी "मला नाही जमणार" म्हणाली, की मोतीबाई आपलं विमान खाली उतरवायच्या. मग कुकरच्या शिट्या होवोत नाहीतर दारात पाहुणे येवोत, ते विमान उतरून, थांबून, पुन्हा उडून जाईपर्यंत कुणाची सुटका नसे. सुना तोंडाला पदर लावून हसत. नातू भावेश हातांचे पंख करून घरभर फिरे. धाकट्या नातीनं, उन्नतीनं मात्र ती गोष्ट आरतीसारखी पाठ केली होती, आणि खरं सांगायचं तर तिचा त्या गोष्टीवर देवापेक्षा कांकणभर जास्तच विश्वास होता.

गोष्ट अशी. मोठ्या लढाईच्या दिवसांत अंबरनाथजवळ नेवाळीला विमानांसाठी धावपट्टी झाली. मोतीबाईंच्या बापाचं भाताचं शेत त्या पट्टीखाली गेलं. शेत गेलं, पण म्हशींना ते कोण सांगणार? त्या आपल्या सवयीनं तिकडेच चरायला जायच्या. आकाशात घरघर ऐकू आली की त्यांना हाकलून पट्टी मोकळी करायचं काम आठ-नऊ वर्षांच्या मोतीचं. पहारेकरी शिट्टी फुंकायचा, मोती काठी उगारायची आणि सरकारचं विमान म्हशींच्या मर्जीनं उतरायचं.

एका दुपारी असंच एक विमान उतरलं. एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचतं करायचं होतं, इंजिन तापलं म्हणून मध्येच थांबलं, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. थोड्या वेळानं मोती म्हशींना पाणी पाजायला विहिरीवर गेली, तर ते विमान आणणारं माणूस तिथं पाठमोरं बसलेलं. कातडी टोपी बाजूला काढून ठेवलेली, आणि कमरेपर्यंतचे ओले, काळेभोर केस उन्हात मोकळे सोडलेले. पहारेकऱ्यानं मोतीला तिथल्या तिथं पिटाळलं. विमान निघालं तेव्हा डोक्यावर टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि तोंडाला रुमाल होता. पण त्या रुमालाआडच्या माणसानं जाताजाता मोतीला हात केला.

"बाय होती," मोतीनं घरी सांगितलं. "बाय इमान घेऊन आली."

"उन्हात फिरून येरी झाली पोर," बाप म्हणाला, आणि विषय संपला.

मोतीपुरता तो कधीच संपला नाही. पुढं लग्न झालं, पोरं झाली. नवऱ्याचा, भगवंतचा, तीनचाकी टेम्पो होता. गावातला पेंढा आणि भाजी तो उल्हासनगरच्या कॅम्पात पोचवायचा. एका साली तो भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून पडला आणि पाय मोडून बसला. टेम्पो दारात, पेंढा खळ्यावर, आणि ड्रायव्हर मिळेना. तेव्हा मोतीबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट आवळला. "बाय इमान चालवते, मना टेम्पो नाय जमाचा?"

त्या शिकल्या त्याच धावपट्टीवर. लढाई कधीच सरली होती, पट्टीच्या भेगांतून गवत उगवलं होतं आणि आसपासची पोरं तिथंच गाडी शिकत. भगवंत प्लास्टरचा पाय दाराबाहेर काढून शेजारी बसायचा आणि "ब्रेक! अगं ब्रेक!" म्हणून बोंबलायचा. एकदा एक म्हैस आडवी आली तेव्हा मोतीबाई खाली उतरल्या, तिला लहानपणच्याच शिव्या घालून हाकललं आणि पुन्हा जाऊन बसल्या. वर्षभरात कॅम्पातले सिंधी दुकानदार टेम्पोचा आवाज ओळखू लागले. "दादी आयी, माल उतारो!" अशी हाक फिरायची. दादी म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. हा मान मोतीबाईंना फार आवडायचा. पाय बरा झाला तरी त्यांनी भगवंतच्या हाती पुन्हा चावी दिली नाही.

कॉलेजात असताना उन्नतीनं शिकता शिकता गाडी कुंपणावर घातली. आता जन्मात चालवणार नाही म्हणून ती रडत बसली. आजींनी विमान उतरवलं, पूर्ण उडवलं, आणि मग स्वतः शेजारी जाऊन बसल्या. आज उन्नती अंबरनाथच्या कंपनीत रोज स्वतःची गाडी घेऊन जाते.

यंदा तिची मैत्रीण नेत्रा हिनं मोतीबाईंना आपल्या शाळेत बोलावलं. नेत्रा बदलापूरला शिक्षिका. महायुद्धात लढाऊ विमानं कारखान्यातून तळावर पोचवणाऱ्या बायकांवर तिनं प्रदर्शन मांडलं होतं. रेडिओ नाही, जवळ बंदूक नाही, मांडीवर फक्त नकाशा, आणि आज हे विमान तर उद्या तिसरंच. "पण ह्या सगळ्या विलायतेत उडवायच्या गं," नेत्रा म्हणाली. "आपल्याकडची मला एकही सापडली नाही. तुझ्या आजीनं पाहिली, म्हणजे केवढी मोठी गोष्ट!"

उन्नती हवेत होती. आजीसाठी साडी घ्यायला ती उल्हासनगरला गेली. दुकानातून बाहेर पडताना तिनं सहज वर पाहिलं. समोरच्या गच्चीत कुणीतरी पाठमोरं बसून कमरेपर्यंतचे ओले केस वाळवत होतं. मग त्या माणसानं मान वळवली. कोवळी दाढी फुटलेला सरदारजीचा मुलगा होता.

साडीची पिशवी छातीशी धरून उन्नती तशीच उभी राहिली. आगरी वाडीतल्या आठ वर्षांच्या पोरीनं तेव्हा सरदार कुठला पाहिलेला? लांब केस म्हणजे बाई, एवढंच तिला ठाऊक. आता भरल्या शाळेत कुणी नेमकं विचारलं तर? नव्वदीला आलेल्या बाईचं आयुष्य ज्या खुंटीला टांगलंय, ती खुंटी आपण उपटायची? उन्नतीनं कुणाला काही सांगितलं नाही. नेत्रालाही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मोतीबाई गाडीत शेजारी बसून वाटभर "क्लचवरचा पाय काढ" करत होत्या. उन्नतीचं लक्ष नव्हतं.

शाळेत विमान झकास उतरलं. मुली श्वास रोखून ऐकत होत्या. आणि व्हायचं तेच झालं. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत पोर उठली. "आजी, तुम्ही तिचा चेहरा बघितला होता?"

उन्नती खुर्चीतून अर्धी उठली.

"नाय," मोतीबाई म्हणाल्या. "फकस्त केस." मग त्या हसल्या. "नंतर मी टेम्पो घेऊन कॅम्पात जायची ना, तवा एका सरदाराच्या तबेल्यात पेंढा टाकाला गेले. त्याचा पोर खाटेवर बसून केस सुकवत व्हता. पाठमोरा. तेच केस! मी गारी थांबवली आन येकटीच हसत सुटले. म्हटलं, मोते, तुझी बाय म्हंजे सरदाराचा पोर निंगाला!"

हॉलमध्ये हशा पिकला. उन्नती मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"लय वाईट वाटला मना," मोतीबाईंचा आवाज खाली आला. "घरी जाऊन जेवले पन नाय. पन दुसऱ्या दिशी पेंढा तर पोचवाचाच व्हता. चावी फिरवली तं गारी चालू झाली. तिला काय ठाव, मी कुनाला बघून शिकले?"

नेत्रानं भिंतीवरचा एक फोटो काढून त्यांच्या हातात दिला. विमानातून उतरणारी एक तरुण बाई होती, काखेत टोपी, वाऱ्यानं विस्कटलेले केस. मोतीबाईंनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"ही खरीच बाय ना?"

"खरीच, आजी. अशा पुष्कळ होत्या."

"म्हंजे व्हत्या," त्या म्हणाल्या. त्यांनी फोटोतल्या बाईच्या गालावरून बोट फिरवलं. "मी खोटा नाय बोलले. मना दिसली नाय एवराच."

परतताना नेवाळीच्या फाट्यावर उन्नतीनं गाडी बाजूला घेतली. "आजी, इतकी वर्षं तुला माहीत होतं. मग मला का नाही सांगितलंस?"

मोतीबाई खिडकीतून पट्टीच्या दिशेनं बघत होत्या. तिकडे कुणाच्या तरी म्हशी चरत होत्या.

"तू गारी शिकाची राहिली व्हतीस ना," त्या म्हणाल्या. "चल, घे पुढं. आन क्लचवरचा पाय काढ."