धाकट्याच्या पायातली ताकद

आमच्या वैद्यकीय कॉलेजाच्या प्रयोगशाळेत ताईंनी सव्वीस वर्षं माणसाच्या शरीराचे काप काढले. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा पात्याखाली सरकवायचा, सुटलेली पातळ पट्टी कोमट पाण्यावर तरंगवायची, अलगद काचेवर उचलायची आणि रंगवायची. नव्या विद्यार्थ्यांना स्नायू कुठला आणि मज्जातंतू कुठला हे कळेना, की ते सरांच्या आधी ताईंकडे यायचे. "आडव्या रेघा दिसल्या की स्नायू, नागमोडी दिसलं की मज्जातंतू," त्या सांगायच्या. "एक हुकूम पोचवतो, दुसरा राबतो. घरातल्यासारखंच."

घरात हुकूम ताईंचा असायचा. आई गेली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि भाऊ अकराचा. त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याची कुरकुर कधी केली नाही. धाकट्याने हातपाय हलवावेत, एवढीच अपेक्षा होती. नेमका तिथेच तो विसाव्या वर्षापासून कमी पडू लागला. जिना चढताना कठडा धरायचा. खाली बसला की मांडीवर हात टेकून, म्हाताऱ्यासारखा उठायचा. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणायचा. मग ताईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. दुखत नाही, खुपत नाही, ताटावर बसलं की हात बरोबर चालतो, मग कामालाच काय होतं?

एकदा घर बदलताना लाकडी कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाकट्याच्या हातून ते सुटलं. आरसा फुटला. शेजारीपाजारी बघत असताना ताई म्हणाल्या, "अंगचोर मेला. आईला हे बघावं लागलं नाही, तेच बरं."

 महिन्याभरात तो दुसऱ्या गावी, एका गोदामात नोकरी धरून निघून गेला. अधूनमधून त्याचा फोन यायचा, तोही दोन वाक्यांचा.

सात वर्षांनी आमच्याकडे मांडीच्या स्नायूचा एक तुकडा तपासायला आला. असा तुकडा मेणात घालत नाहीत, गोठवून कापतात. मी शेजारच्या टेबलावर काम करत होते. काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ताईंनी मला बोलावलं. एरवी एकमेकांना खेटून बसणारे तंतू इथे लहानमोठे, विस्कटलेले होते आणि मधल्या जागेत चरबी भरली होती.

"बिचारा," त्या म्हणाल्या, "किती वर्षं ओढत असेल."

मग नोंदीसाठी त्यांनी सोबतचा कागद हातात घेतला. नाव वाचलं, वय वाचलं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा तसाच जळत ठेवून त्या उठून गेल्या. धाकटा चार दिवसांपासून आमच्याच इस्पितळात होता. बहिणीला त्याने कळवलं नव्हतं.

डॉक्टरांनी वॉर्डाबाहेर त्यांना समजावलं. मज्जातंतू ठणठणीत होते, हुकूम दर वेळी पोचत होता. पण जन्मापासूनच्या एका दोषामुळे स्नायू झिजत चालले होते. त्यावर औषध नव्हतं. दुखत नाही म्हणून पुष्कळांना हा आजार उशिरा कळतो, असंही ते म्हणाले. ताई म्हणाल्या, मला कळायला हवं होतं, माझं पोट त्यावरच चालतं.

त्या खाटेजवळ बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार, ताई? मलाही वाटायचं, तू म्हणतेस तेच खरं."

मग त्याने सांगितलं, की अंगातला आळस जावा म्हणून गोदामात तो सगळ्यांत जड खोकी मागून घ्यायचा. पहाटे उठून पळायचा. पडला, तरी उठून पळायचा.

ताईंनी तळमजल्यावर खोली घेतली आणि त्याला घरी आणलं. आता तो चाकाच्या खुर्चीत असतो. दोघं पत्ते खेळतात, तो ताईंची फसवाफसवी पकडतो आणि हसतो. पण तेव्हाच्या ओझ्यांनी आणि पळण्यानेच त्याचे स्नायू लवकर गेले का, हे ताईंनी डॉक्टरांना आजवर विचारलेलं नाही. डॉक्टर तर दर आठवड्याला प्रयोगशाळेत येतात. एकदा मी म्हटलं, मी विचारू का?

"नको," त्या म्हणाल्या. "हो म्हणाले तर?"