एका वेलीची अकरा नावं

आमचे हे वाइनच्या द्राक्षांची कलमं करतात. चाळीस वर्षं झाली. खुंटाला चीर देऊन काडी यांनी बसवायची, पट्टी मी बांधायची, चिठ्ठीही मीच लटकवायची. हात असा, की शंभरात पाच कलमंसुद्धा मरत नाहीत. तोंड मात्र नावापुरतं. भाजी अळणी झाली तरी बोलणार नाहीत, ताट संपवून उठतील. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी एकटीच भांडते, दोन्ही बाजूंनी.

घरामागे यांची मातृबाग आहे, साठ वेलींची. कलमाच्या काड्या तिथूनच निघतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी खड्डे खणून लावली. सगळी एकच जात, पण गावोगाव नाव वेगळं. नदीकाठी तिला निळशी म्हणतात. वर डोंगरात उशिरा पिकते म्हणून उशिरी. कुठे कोल्हे फस्त करतात म्हणून कोल्हेचोर. एका गावात सासूरुसवी, आणि का ते विचारलं तर तिथल्या सुना नुसत्या हसतात. माझ्या माहेरी काजळी. अशी अकरा नावं. यांचा शिरस्ता असा, की घेणारा ज्या गावचा, त्या गावचं नाव चिठ्ठीवर लिहायचं.

दोन वर्षांपूर्वी शेती खात्याचे साहेब मान्य जातींची यादी घेऊन आले. यादीत नसलेली किंवा ओळख न पटलेली जात आता ठेवायची नाही, मशीन लावून उपटायची, असा नवा नियम. बागेत उभे राहून त्यांनी विचारलं, "ही जात कुठली?"

तर हे म्हणतात, "कुणासाठी हवी आहे?"

मी कपाळाला हात लावला. साहेबांच्या यादीत निळशी होती, पहिल्याच पानावर. तेवढं एक नाव घेतलं असतं तर ते चहा पिऊन गेले असते. यांनी अकराच्या अकरा म्हणून दाखवली, कधी नव्हे ते तोंड उघडून. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'मिश्र बाग, ओळख अनिश्चित'. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर मशीन येईल.

खुलाशाचा फॉर्म टेबलावर पडून राहिला. "निळशी लिहा आणि मोकळे व्हा," मी रोज सांगायचे. हे नकाराची मान हलवायचे. शेवटी एकदा म्हणाले, "एक खरं लिहिलं की बाकीची दहा खोटी ठरतात. त्या लोकांचं काय?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील," मी म्हटलं. "तुमची चाळीस वर्षं उपटून नेतील तेव्हा त्यातला कोण येणार आहे धावत?"

यावर हे कात्री घेऊन बागेत निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चौदाव्या दिवशी हे कलमांना पाणी द्यायला गेले आणि मी फॉर्म ओढला. जातीचं नाव: निळशी. खाली रकाना होता, 'याच जातीची इतर चालू नावं'. मी चिठ्ठ्यांची वही काढली आणि दहाही नावं गावांसकट उतरवली. कामात कसूर नको, म्हणे. खाली यांची सही केली. पत्रांवर, पावत्यांवर यांची सही वर्षानुवर्षं मीच करते. फॉर्म स्वतः नेऊन दिला.

बाग वाचली. मला काय आनंद झाला होता, मूर्ख बाईला.

महिन्याभरात त्या दहा गावांत नोटिसा गेल्या. तुमची जात यादीत नाही, तिचं खरं नाव निळशी, ते नोंदवायची मुदत संपली, सबब बाग बेकायदा. मी ऑफिसात जाऊन साहेबांशी तासभर भांडले. ते म्हणाले, "बाई, माहिती तुमच्याकडूनच तर आली." कागद हलायच्या आत मशीन हललं. सात गावांतल्या बागा गेल्या. त्यात माझ्या थोरल्या भावाची गेली.

मग एका सकाळी दारात माणसं उभी राहिली. पुढे माझा भाऊ, हातात त्या फॉर्मची नक्कल. त्यानं यांना भावजी म्हटलं नाही. "हे कुणी लिहिलं?" एवढंच विचारलं.

अक्षर माझं. त्यानं लहानपणी माझी पाटी पुसलेली, त्याला का ओळखू आलं नसेल? माझं तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होता. तेवढ्यात हे पुढे झाले. "मी सांगितलं, तिनं उतरवलं. तिला काय कळतंय त्यातलं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसानं मला अडाणी म्हटलं, आणि मी ऐकून घेतलं. लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. दगाबाज म्हणाले, खात्याचा माणूस म्हणाले. हे खाली बघत उभे. माझी जीभ, जी जगाला पुरून उरते, ती त्या दिवशी मेली होती.

तेव्हापासून आमच्याकडून कुणी कलम नेत नाही. साठ वेली उभ्या आहेत, छाटणीच्या काड्या आम्ही जाळतो.

लोक गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले होते. कुणी सांगितलं होतं मधे पडायला? माझं मी निस्तरलं असतं. नाव तुमचं बुडालं, धंदा तुमचा बुडाला, काय मिळवलंत? हे पट्ट्यांची गुंडाळी करत बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुझं माहेर आहे तिथं. तुला जावं-यावं लागतं."

दीड वर्ष झालं. भावाचे दोन निरोप आले, वहिनीनं फोन केला. मी गेलेली नाही.