छताला टांगलेला तांब्याचा पत्रा

ज्या सरांनी मला शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवलं, त्यांचाच फोन आला. "गुरुत्वाकर्षण नसतंच. ये, दाखवतो."

मी सोलापुरात कॉलेजात फिजिक्स शिकवतो. असले शोध लावणारे वर्षाला दोन-तीन भेटतात. कुणाचं चाक आपोआप फिरतं, कुणाला उजनीचं पाणी मोटारीशिवाय वर चढवायचं असतं. गणित एकालाही येत नाही, घमेंड मात्र सगळ्यांना. सर त्यांतले निघतील असं वाटलं नव्हतं. रविवारी एसटीनं बार्शी गाठली.

मधल्या खोलीत छताला चार दोऱ्यांनी तांब्याचा पत्रा टांगला होता. खाली खाट, खाटेवर सरांच्या पत्नी, काकू, डोळे मिटून पडलेल्या.

"पृथ्वी ओढत नाही," सर म्हणाले. "वरून सूक्ष्म कणांचा मारा होतो, तो आपल्याला दाबतो. पत्रा तो अडवतो. हिचे गुडघे दुखतात, म्हणून रोज दुपारी दोन तास इथं झोपवतो. वजन उतरतं."

"मग छत का अडवत नाही?"

"ते सिमेंटचं."

असं उत्तर मी दिलं असतं तर सरांनी मला तासभर बाकावर उभं केलं असतं.

मी वजनकाटा मागितला. काकूंना आधी अंगणात तोललं, मग पत्र्याखाली. आकडा तोच.

"काटाही पत्र्याखालीच आहे की," सर म्हणाले. "तोही हलका झाला."

मला हसूही आलं नाही. शिसारी आली. सर वही आणायला आत गेले. काकू पुन्हा आडव्या झाल्या होत्या.

"काकू, खरंच हलकं वाटतं?"

"कशाचं हलकं!" त्या हळूच म्हणाल्या. "पर हितं पडलं की कुनी उठवत न्हाय. च्या टाक म्हनत न्हाय, पावनं आलं म्हनत न्हाय. लगीन झाल्यापासनं दुपारचं आडवं व्हायला मिळालं न्हवतं मला."

सर वही घेऊन आले. पानोपानी बाण, समीकरण एकही नाही.

"काय वाटतं?"

"सर," मी म्हणालो, "दोन तास कमी पडतात. चार तरी हवेत."

सरांनी ते ताबडतोब लिहून घेतलं. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्याचीही मला चीडच आली. काकूंनी भिंतीकडं तोंड करून कूस बदलली.